ऐंशी अंशांवर दहा मिनिटं

दरवर्षी जुलै-ऑगस्टात एमएस्सीची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, आणि त्यांतलं एक तरी झेब्रा घेऊन येतं. २०११ साली अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातल्या संशोधकांना झेब्र्याच्या लिदीत क्लोस्ट्रिडियम वंशाचा एक जिवाणू सापडला. नाव टीयू-१०३. रद्दी वर्तमानपत्रातलं सेल्युलोज, म्हणजे कागदाचे तंतू, खाऊन तो ब्युटेनॉल हे पेट्रोलसारखं इंधन तयार करतो, आणि या वंशाला एरवी ऑक्सिजनचं जे वावडं असतं तेही त्याला नाही, अशी ती बातमी होती. त्याच वर्षी मिसिसिपीतल्या संशोधकांनी पांडाच्या विष्ठेतले, बांबू पचवणारे जिवाणू चर्चेत आणले. झेब्रा, पांडा, रद्दी पेपर आणि पेट्रोल, बातमीला आणखी काय लागतं? ती आजही इंटरनेटवर ताजीतवानी फिरते आहे.

मग विचारणा होते, "मॅडम, महाराजबागेतून सॅम्पल मिळेल का?" महाराजबाग हे आमचं नागपूरचं प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालयाकडे आहे. पत्र द्यावं लागतं, शिक्के लागतात, ते सगळं होऊ शकतं. पण मी म्हणते, बाळा, आधी तुझ्या घराजवळच्या गोठ्यात जाऊन ये. चेहरा पडतो. गोठ्याच्या शेणावर काम केलं असं मुलाखतीत सांगायचं, आणि शेजारच्या मुलाने झेब्रा म्हणायचं, हे त्यांना परवडत नाही.

झेब्र्याशी माझं काही वाकडं नाही. पण इतकी वर्षं शेण, लीद, लेंड्या हाताळल्यावर माझं एक मत बनलं आहे. ब्युटेनॉल करणारा जिवाणू शोधणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो शेणात आहे, मातीत आहे, बटाट्याच्या सालीवर आहे, कडधान्यांच्या मुळांपाशी आहे. त्याला सांभाळणं आणि परवडेल असं खायला घालणं, तिथे भलेभले थकले. बातमी मात्र सापडण्याचीच होते.

ब्युटेनॉलमागे लागण्याचं कारण इथेनॉलमध्येच आहे. नागपूरकरांना इथेनॉल नवीन नाही. २०१४ मध्ये इथेनॉलवर धावणारी हिरवी बस इथल्या रस्त्यांवर आली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. पुढे ती सेवा बंद पडली. आता पंपावरच्या पेट्रोलातच वीस टक्के इथेनॉल असतं, आणि धरमपेठेपासून महालापर्यंत कुठल्याही गॅरेजवर उभं राहिलं की गाडीचं ॲव्हरेज पडल्याची तक्रार ऐकू येते. तक्रारीत तथ्य किती आणि सवय किती हे बाजूला ठेवू, पण हिशेब सरळ आहे. लिटरभर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. ब्युटेनॉलमध्ये २९. शिवाय ब्युटेनॉल इथेनॉलसारखं पाणी ओढून घेत नाही, पेट्रोलात निमूट मिसळतं. रेणूत कार्बनचे अणू दोनाऐवजी चार, एवढ्यानं हा फरक पडतो. तेव्हा मोह होणं साहजिक आहे.

काटोल रोडला, शहर संपता संपता, एक गोठा आहे. म्हशी जास्त, गाई थोड्या. मालक साठीपुढचे, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. पहिल्यांदा गेले तेव्हा ते दावणीपाशी उभे राहून माझ्या हातातल्या काचेच्या बाटल्यांकडे संशयाने बघत होते.

"काय करून राहिले मॅडम? शेन कायले पायजे तुमाले?"

"कॉलेजमध्ये तपासायला, काकाजी."

"माह्यं ढोर बिमार नाही ना?"

"नाही जी. शेणात एक जिवाणू असतो, तो पाहिजे. तो पेट्रोलसारखं काही तरी तयार करते."

त्यांनी शेजारच्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. "आयकलं का वं? तुह्यातून पेट्रोल निघते म्हन्ते." आणि लगेच माझ्याकडे वळून, "मंग भाव काय देता? ट्रॉलीचा का किलोचा?"

मला चमचाभर पुरे आहे म्हटल्यावर त्यांचा रस संपला. आणि तो संपणं रास्त होतं. त्यांच्या शेणाची ट्रॉली काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार आधीच सांगून ठेवतात. जे उरतं त्याच्या गोवऱ्या होतात. शोधनिबंधांची पहिली ओळ बहुधा "जनावरांच्या टाकाऊ विष्ठेचा प्रश्न" अशी असते. ती लिहिणाऱ्याने काकाजींशी भाव करून बघावा. ज्या विदर्भात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोडक्या शेणात भरपूर खत करायची नाडेप पद्धत बसवली, तिथे शेण वाया जातं असं म्हणणं धाडसाचं आहे. म्हणून मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते की शेण आपला कच्चा माल नाही. शेण हा फक्त पत्ता आहे.

तिथेही कुठून उचलायचं याला अक्कल लागते. ताजा, वाफाळता पो सगळ्यांना आवडतो, कारण तो दिसतो. मी मुलांना गव्हाणीच्या खाली बघायला लावते. सांडलेली सरकीची ढेप, कुटार, मूत आणि शेण तिथे खुरांनी तुडवून एक काळपट थर झालेला असतो. वर कोरडा, खाली बोटभर दाबलं की ओला, आंबूस आणि हाताला कोमट. तिथे पिष्ट आहे, आम्ल आहे, हवा नाही. स्टीलच्या चमच्याने तो थर उकरायचा, बाटली काठोकाठ भरायची म्हणजे वर हवेला जागा उरत नाही, आणि बूच घट्ट लावायचं. उकिरड्याच्या तळाचा चिखलही चांगला. घोड्याची लीद आणायची तर मात्र हातमोज्यांशिवाय नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का हे आधी विचारते. धनुर्वाताचा जिवाणूही क्लोस्ट्रिडियमच, आणि घोड्याच्या आतड्यात तो बऱ्याचदा सुखाने राहतो. तबेल्यातला खिळा पायात गेला की घरातली मोठी माणसं का घाबरायची, ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्यावर नीट कळतं. या कुळात ब्युटेनॉलवाला आहे, धनुर्वातवाला आहे, गॅस गँग्रीनवाला आहे, आणि डब्यातलं अन्न जीवघेणं करणारा बोट्युलिनमही आहे. कुळ बघून मुलगी द्यायची म्हटलं तर कुणी दिली नसती.

आणखी एक प्रश्न हल्ली हमखास येतो. देशी गाईचं शेण घेतलं का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं, त्यामुळे मी फार वाद घालत नाही. जिवाणू गाईची जात विचारत नाही, तिने काय खाल्लं आणि ते कुठे सांडलं एवढंच बघतो.

लॅबमध्ये आल्यावर कामाला गती येते. शेण मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, नळी वॉटर बाथमध्ये ठेवायची. ऐंशी अंश, दहा मिनिटं. शेणाच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात, त्यांतले बहुतेक सगळे या दहा मिनिटांत संपतात. उरतात ते फक्त बीजाणू करून बसलेले. बीजाणू म्हणजे जिवाणूने वाईट दिवसांसाठी करून ठेवलेली बेगमी. आपली जनुकं आत, भोवती थरावर थर, पाणी जवळजवळ काढून टाकलेलं, आणि जगण्याची सगळी खटपट बंद. मग ऊन, वाळवण, वर्षं, काही फरक पडत नाही. तापवल्यामुळे उलट कित्येक बीजाणू खडबडून जागे होतात.

आता त्यांना खायला द्यायचं. आमचं माध्यम साधं असतं: उकडून कुस्करलेला बटाटा, थोडं ग्लुकोज, आम्ल मारायला खडूची पूड. ते उकळून त्यातला ऑक्सिजन घालवायचा, नायट्रोजनच्या धारेखाली गार करायचं आणि रबरी बूच ठोकायचं. त्यात रेझाझुरिन नावाच्या रंगाचा एक थेंब असतो. ऑक्सिजन असेल तर हा रंग गुलाबी, नसेल तर पाणी. नळी गार होता होता गुलाबी रंग खालून विरत जातो. बूच जरा जरी ढिलं असलं तर वर, काचेच्या कडेला, नखाएवढी गुलाबी रेघ राहते. मुलं ती रेघ बघूनही "चालेल ना मॅडम?" म्हणून विचारतात. चालत नाही. क्लोस्ट्रिडियमला रोखायला ती रेघ पुरते.

नागपुरात या कामाला ऋतू असतो, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. आमचा साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. तो ३७ अंशांवर लावायचा आणि मेमध्ये बाहेर ४५ झाले की खोलीच ४० ओलांडते. मग इन्क्युबेटरचा लाल दिवा विझतो आणि तो नुसतं कपाट होऊन बसतो. गार करणारं बीओडी इन्क्युबेटर एकच, त्यावर दुधा-दह्यावर काम करणाऱ्यांचा हक्क पहिला. म्हणून मी विलगीकरणाचं काम पावसाळ्यात सुरू करून होळीच्या आत उरकायला लावते. ज्यांना ते जमत नाही ते मेमध्ये वाळ्याच्या कूलरसमोर नळ्यांचं स्टँड ठेवून थर्मामीटरकडे डोळे लावून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगल्या नळीत बटाट्याचा लगदा वर उचललेला दिसतो. खाली निवळ पाणी, मधे बुडबुडे, वर लगद्याची टोपी. बूच सुईने टोचलं की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सूं करून बाहेर येतो, आणि त्यामागून वास. पहिल्या दिवशी खवट तुपाचा, अगदी ओकारी यावी असा. तो ब्युटिरिक आम्लाचा. इथेच पुष्कळ मुलं मास्क शोधायला पळतात. ज्या नळीत आपला माणूस आहे तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा वास मागे हटतो आणि काहीसा गोडसर, नाकात झोंबणारा, मार्कर पेनच्या जातीचा वास येतो. ज्या नळीत नाही तिथे खवटपणा तसाच राहतो, किंवा सडक्या अंड्यांकडे जातो.

मग एक थेंब काचपट्टीवर, त्यावर आयोडीन. ब्युटेनॉल करायच्या बेतात असलेला क्लोस्ट्रिडियम पोटात ग्रॅन्युलोज नावाचं पिष्टासारखं काही साठवतो, आणि ते आयोडीनने जांभळं होतं. भिंगाखाली सरळ सडपातळ काड्या दिसत असतात, त्यांच्यात मधूनच काही फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या. त्या जांभळट तपकिरी, आणि एका टोकाला आत एक पारदर्शक ठिपका, जो रंग घेतच नाही. तो तयार होत असलेला बीजाणू. खात्री गॅस क्रोमॅटोग्राफ हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्रच देतं, आणि त्यासाठी दुसऱ्या संस्थेत नंबर लावावा लागतो. पण या जांभळ्या पेशी दिसल्या की मी मुलाला चहा पाजते.

इथवर पोचायला नशीब फारसं लागत नाही. धीर आणि गच्च बूच पुरतं.

या फुगलेल्या पेशी काय करत असतात ते समजलं की बाकीचं कोडं उलगडतं. साखर भरपूर असते तेव्हा हा जिवाणू ब्युटेनॉल करतच नाही. तो ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्लं करतो, कारण त्यात त्याला जास्त ऊर्जा मिळते, आणि भराभर वाढतो. आम्ल साचतं, भोवतालचं पाणी आंबट होत जातं, आता असंच चाललं तर मरण ठरलेलं. तेव्हा तो दिशा बदलतो. बाहेर टाकलेली आम्लं परत आत घेतो आणि त्यांचं ॲसिटोन आणि ब्युटेनॉल करतो, सोबत थोडं इथेनॉल. ढोबळ प्रमाण तीन, सहा आणि एक. त्याने आंबटपणा उतरतो, बीजाणू बांधायला थोडी सवड मिळते. ज्याला आपण इंधन म्हणतो ती त्याची निरवानिरव आहे.

म्हणून लाड केले की तो ते विसरतो. चांगला जिवाणू मिळाला की विद्यार्थ्याला त्याला रोज ताज्या माध्यमात हलवत राहायचा मोह होतो. रोज नवं जेवण, आम्ल साचायच्या आत घर बदल. काही आठवड्यांनी नळीत वाढ छान, वायू छान, आणि ब्युटेनॉल नाही. नुसता खवट वास. मुलं घाबरून विचारतात, दुसरा जिवाणू घुसला का? घुसलेला नसतो. क्लोस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या ब्युटेनॉलवाल्या जातीत ॲसिटोन आणि ब्युटेनॉलची मुख्य जनुकं गुणसूत्रावर नसतात, पीएसओएल-१ नावाच्या एका वेगळ्या डीएनए-वलयावर असतात. १,९२,००० बेस जोड्यांचं हे ओझं आहे. सुखाच्या दिवसांत ज्या पेशी ते टाकून देतात त्यांचं काहीच अडत नाही, आणि रोजच्या हलवाहलवीत आपण त्यांनाच पुढे नेत राहतो. गंमत पुढे आहे. हे वलय हरवलेल्या पेशींना बीजाणूही करता येत नाही. त्यामुळे नळी पुन्हा तापवली की टाकून देणारे मरतात आणि जपून ठेवणारे उरतात. सगळेच टाकून देणारे झाले असतील तर मात्र नळी थंड पडते आणि पुन्हा गोठा गाठावा लागतो. आमच्याकडचे चांगले नमुने म्हणून वाळलेल्या निर्जंतुक वाळूत बीजाणू करून ठेवलेले असतात, नळ्यांवर पेन्सिलने तारीख, कपाटात. त्यांना काही लागत नाही. वीज गेली तरी नाही.

हे तापवणं चाइम वाइझमनलाही ठाऊक होतं. मँचेस्टरचा हा रसायनशास्त्रज्ञ खरं तर कृत्रिम रबरासाठी ब्युटेनॉल शोधत होता. माती आणि धान्यांवरचे जिवाणू पुन्हा पुन्हा तापवून, पुन्हा पुन्हा वाढवून त्याने आपला जिवाणू निवडला, आणि १९१५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तोवर महायुद्ध पेटलं होतं आणि ब्रिटनला कॉर्डाइट ही स्फोटक पूड बनवायला ॲसिटोन हवं होतं. ब्युटेनॉल कुणालाच नको होतं. मक्यावर कारखाने चालले, मका कमी पडला तेव्हा १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली. इकडे नाशिकलाही त्या काळात ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला. वाइझमनच्या या उपकाराची फेड म्हणून, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या मायदेशाला ब्रिटनचा पाठिंबा देणारा बाल्फोर जाहीरनामा आला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट फारच गोळीबंद आहे, म्हणून मला ती पटत नाही. इतिहासकारांनाही फारशी पटत नाही. पण ब्युटिरिकच्या वासात बसणारा हा माणूस पुढे १९४९ मध्ये इस्राएलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, हे मात्र मी वर्गात दरवर्षी सांगते. मागच्या बाकांवरच्यांनाही मान वर करावीशी वाटते.

युद्ध संपलं आणि भाव उलटा झाला. मोटारगाड्यांच्या झटपट वाळणाऱ्या रंगासाठी ब्युटेनॉल लागू लागलं, आणि ॲसिटोन दुय्यम ठरलं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावी मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. पुढे मक्याच्या जागी मळी आली, कारण ती स्वस्त होती. मग खनिज तेलापासून तेच ब्युटेनॉल आणखी स्वस्तात मिळू लागलं, आणि मळी गुरांच्या खाद्यासाठी जाऊ लागल्याने महाग झाली. १९६० पर्यंत अमेरिका-युरोपातले बहुतेक कारखाने थंडावले. दक्षिण आफ्रिकेतला एक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तग धरून होता. या सगळ्या पडझडीत जिवाणू कुठेही हरवला नव्हता. तो जिवाणू जपून ठेवणाऱ्या संग्रहांमध्ये, कपाटांमध्ये होताच. ज्याच्यावर जगभर आजही काम चालतं, तो एटीसीसी ८२४ हा प्रकार १९२४ मध्ये कनेक्टिकटमधल्या बागेच्या मातीत मिळालेला आहे. बागेच्या मातीत! झेब्र्याला तेव्हा कुणी त्रास दिलेला नव्हता.

अडचण दोन टक्क्यांची आहे. ब्युटेनॉल लिटरमागे बारा-तेरा ग्रॅम झालं की जिवाणूच्या पेशीचा पडदाच विरघळू लागतो आणि काम थांबतं. हातभट्टीवाला स्वतःच्याच पिंपात बुडून मरावा तसं. सगळी द्रावकं, म्हणजे ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल, मिळून लिटरला वीस ग्रॅम, म्हणजे दोन टक्के, ही साधारण मजल. यीस्ट इथेनॉल दहा टक्क्यांच्या वर सहज नेतं. म्हणजे वीस ग्रॅम मालासाठी जवळजवळ लिटरभर पाण्याशी मारामारी. त्यातून ब्युटेनॉल उकळतं ११७ अंशांवर, पाण्याच्याही वर. वायू फुंकून ते काढत राहायचं, पडद्यातून गाळायचं, असे उपाय आहेत आणि चालतात. पण प्रत्येक उपायाला वीज लागते. आणि खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा आधीच साखरेवर, म्हणजे जिवाणूच्या जेवणावर गेलेला असतो.

आतड्यातल्या जिवाणूंकडून ही अपेक्षा मुळात का करतो, हा प्रश्न मला गोठ्यात बसून पडतो. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कडबा, कुटार आंबतं. जिवाणू तिथे आम्लं करतात आणि गाय ती तिथल्या तिथे शोषून घेते. तिच्या एकूण ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग या आम्लांतूनच येतो. लाळेतला सोडा आम्ल मारत राहतो. आम्ल साचतच नाही, मग त्याचं ब्युटेनॉल करायची वेळ कुणावर येणार? तेव्हा शेणात सापडणारे आपले जिवाणू बहुधा तिथले रहिवासी नसतात. चाऱ्याबरोबर, मातीबरोबर बीजाणू म्हणून आत जातात आणि शेणाबरोबर बाहेर येतात. झेब्र्याबाबत मला हीच शंका आहे. काडी फोडणारे जिवाणू मात्र आतड्यात आणि खतात खरंच मुरलेले असतात. क्लोस्ट्रिडियम थर्मोसेलम हा सेल्युलोज फोडणारा पठ्ठ्या १९२६ मध्ये खतातूनच मिळाला होता. उलट ॲसिटोब्युटिलिकमचा जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात सेल्युलोज फोडायची अवजारं लिहिलेली सापडली, आणि तरी हा गृहस्थ काडीला हात लावत नाही. घरात कुऱ्हाड आहे, पण लाकडं दुसऱ्याने फोडून द्यावीत.

म्हणून विदर्भात काय खायला घालता येईल याची यादी आम्ही दरवर्षी नव्याने करतो आणि दरवर्षी ती छाटतो. संत्र्याची सालं? संत्राबर्फीच्या आणि रसाच्या गावात हे पहिलं सुचतं. पण सालीतल्या तेलातलं लिमोनीन जिवाणूंना मारतं. आधी तेल काढा, मग बोला. मोहफुलं? साखर भरपूर, गडचिरोलीकडे चैत्रात झाडाखाली सडा पडतो. पण त्यांचं काय करायचं हे तिथल्या माणसांना आपल्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांचा जिवाणू आपल्यापेक्षा भरवशाचा आहे. भंडारा-गोंदियाची तणस गुरं खातात. सोयाबीनचं कुटारही. उरते पऱ्हाटी. कपाशी वेचून झाली की उभी राहिलेली ही काडी जनावर खात नाही, चुलीत थोडी जाते, बाकीची बांधावर जाळतात. शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं, म्हणून काढावीच लागते. टाकाऊ म्हणायचंच तर हिला म्हणावं.

पण पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूड. ती आम्लात उकळून साखर काढली तर सोबत फर्फ्युरल आणि फिनॉलच्या जातीची विषं येतात. बटाट्यावर टोपी उडवणारा आमचा जिवाणू त्या काढ्यात नुसता पडून राहतो. विषं धुऊन काढायची तर पाणी ओतत राहायचं, आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्यापाशी जाऊन पाण्याची ही गोष्ट करायची हिंमत माझ्यात नाही.

यंदा म्हणून विषय फिरवून दिला आहे. कुठल्या जनावराची विष्ठा, हा प्रश्नच बाजूला ठेवला. पऱ्हाटी बोटभर तुकड्यांत कापायची, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरायची आणि उकिरड्याच्या तळाशी, त्या काळपट आंबूस थरात पुरून ठेवायची. पावसाळाभर. मग काढून बघायचं की काडीवर कोण कोण येऊन बसलंय. त्यातला एकटा कुणी ब्युटेनॉल करेल अशी माझी अपेक्षा नाही. काडी फोडणारा एक आणि आम्लातून ब्युटेनॉल काढणारा दुसरा, अशी जोडी एका नळीत नांदली तरी पुष्कळ. दोघांचं तापमान जुळत नाही, वेग जुळत नाही, पहिल्याने काढलेली साखर भलताच तिसरा खाऊन जातो. ही भांडणं आत्तापासून दिसताहेत. विद्यार्थिनी हुशार आहे, तिने पिशव्यांना लाल नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आहेत आणि टोकं उकिरड्याबाहेर काढून ठेवली आहेत.

काकाजींनी परवानगी दिली, पण त्यांची अट आहे. "दसऱ्याच्या आधी काढून नेजा मॅडम. ट्रॉली लागली का मंग मी थांबत नाही. तुमचं पेट्रोल जाईन काटोलच्या संत्र्याले."